सतरा नंबरच्या तुकड्यातला ढीग

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ब्रायनी,

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरूनच लिहीत आहे. यापूर्वीच्या चार पत्रांची पोच आलेली नाही. ही तक्रार नव्हे, केवळ नोंद आहे.

कळवण्याचे कारण असे, की टॅनरी लेनवरील भाडेकरूंच्या भाजीबागेतल्या सतरा नंबरच्या तुकड्याबाबत बागेच्या समितीची नोटीस आली आहे. तुझ्या आईने एकवीस वर्षे त्या तुकड्यावर भाजी पिकवली, आणि मे महिन्यापासून तेथे कोणी फिरकलेले नाही. पंधरा नोव्हेंबरला पाहणी होईल. त्या दिवशी तीन-चतुर्थांश जमीन लागवडीखाली किंवा हिवाळ्यासाठी तयार केलेली दिसली पाहिजे. न दिसल्यास तुकडा प्रतीक्षा यादीतील पुढच्या माणसाला मिळेल. यादीत त्रेपन्न नावे आहेत.

जूनमध्ये आईचा अंत्यविधी आटोपल्यावर चर्चच्या फाटकाशी तू मला म्हणालीस, "आईच्या तुकड्यावर येईन. तुमच्या घरी नाही." ते वाक्य माझ्या नीट लक्षात आहे. तुकडा गेला तर ऑर्कनी बेटांवरून दोन बोटी बदलून यॉर्कशायरला येण्याचे तुला काही कारण उरणार नाही, हेही मला समजते. म्हणून तो राखायचा, असे मी ठरवले आहे.

काल सकाळी तेथे गेलो. शेडची किल्ली लागेना, तेव्हा शेजारच्या सोळा नंबरवरून सेल्विन ॲक्रॉइड तेलाची बाटली घेऊन आले. ते चाळीस वर्षे बस चालवत होते आणि तितकीच वर्षे कांदे लावत आले आहेत. आईकडून त्यांच्याविषयी तू ऐकले असशील. माझ्या छातीपर्यंत वाढलेल्या तणाकडे पाहून ते म्हणाले, "जरा वाढलंय." मी होकार दिला. मग त्यांनी विचारले, "प्रोफेसर, फावडं कधी हातात धरलंय का?" मी प्राध्यापक नव्हतो, तांत्रिक महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अधिव्याख्याता होतो, असे मी त्यांना सांगितले. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला असे वाटत नाही.

आईचे हातमोजे शेडमध्ये खिळ्याला तसेच टांगलेले आहेत. मी माझे नवे विकत घेतले.

तुझे वडील,
क्लिफर्ड थॉर्प


१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ब्रायनी,

कामात प्रगती आहे. ग्रंथालयातून एक जुने पुस्तक आणले आणि त्यानुसार दोरी लावून सरळ चर खणले. प्रत्येक चर एक फावडे खोल आहे. जमीन अशी उलथून ठेवली की थंडीने ढेकळे आपोआप फुटतात. सहा दिवसांत अर्ध्याहून अधिक भाग झाला. कडा पट्टीने आखल्यासारख्या दिसतात, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

बुधवारी सेल्विन कुंपणावर कोपर टेकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढे सरळ चर? कुणाला पुरायचंय, प्रोफेसर?" बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, त्यावर दोन बिस्किटे ठेवून माझ्याकडे सरकवला, आणि पुढची वीस मिनिटे ते फक्त हवामानावर बोलले. मीही हवामानावरच बोललो. माणूस चांगला आहे.

गुरुवारी माझ्याकडून एक चूक झाली. तुकड्यातल्या लहान तळ्याच्या बाजूला वाळलेल्या सूर्यफुलांची, बडीशेपेची आणि त्या उंच काटेरी बोंडांची रांग उभी होती. सगळे मेलेले दिसत होते. मी कातर घेऊन ते जमिनीलगत कापू लागलो. दोन-तृतीयांश रांग आडवी झाली तेव्हा सेल्विन धावत आले. या वयात त्यांनी धावू नये.

"मॉरीन हे मार्चपर्यंत तसंच उभं ठेवायची," ते आईविषयी म्हणाले. "अहो, हिवाळ्याआधी तुकड्याला निजवायचं असतं. हजामत करायची नसते."

बोंडांतील बिया गोल्डफिंच पक्ष्यांसाठी असतात, आणि पोकळ देठांत किडे थंडी काढतात. आई त्यांना तेथे राहू देत असे. तेच किडे वसंतात तिच्या घेवड्यावरचा मावा खात, म्हणून ती कधी औषध फवारत नसे. एकवीस वर्षांत मी तिला याविषयी एकदाही विचारले नव्हते. ती शनिवारी तुकड्यावरून येई, चिखलाचे बूट बाहेर काढी, आणि मी वर्तमानपत्रातून डोके न काढता "कसे काय?" म्हणे. "छान," ती म्हणे. आमचे संभाषण एवढेच.

कापलेल्या देठांच्या मी जुड्या बांधल्या आणि त्या कुंपणाला टेकवून उभ्या केल्या. पक्षी फसतील की नाही, याची खात्री नव्हती. काल सात गोल्डफिंच आले. तू तिकडे कड्यांवरचे समुद्रपक्षी हजारांनी मोजतेस, तुला सातांचे काय. तरी लिहावेसे वाटले.

तुझे वडील,
क्लिफर्ड थॉर्प


२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ब्रायनी,

घड्याळे गेल्या रविवारी मागे घेतली. चार वाजताच उजेड ओसरू लागतो आणि काम सकाळीच उरकावे लागते.

लसणाच्या चौसष्ट पाकळ्या लावल्या आहेत. ब्रॉड बीन्स दोन ओळींत पेरल्या. उरलेली जमीन मी आता खणत नाही. आई जुने पुठ्ठे अंथरून त्यांवर घोड्याची लीद पसरत असे, आणि खणणे गांडुळांवर सोपवत असे. सेल्विन आणि मी तबेल्यातून अकरा गोण्या आणल्या. बसचालक असूनही ते मोटार फार वेगाने चालवतात.

तळ्यातील कुजकी पाने काढून एक रात्र काठावर ठेवली, म्हणजे पानांतले जीव पाण्यात परततात. आत पडलेल्या प्राण्याला चढून येता यावे म्हणून एक फळी तिरकी टाकली. पाणी सगळे गोठू नये म्हणून चेंडू सोडला आहे. कुंपणाच्या तळाशी आईने कापलेले वीतभर रुंदीचे भोक मी आधी लाकडाने बुजवले होते. ते लहान प्राण्यांच्या जाण्यायेण्यासाठी आहे हे कळल्यावर पुन्हा उघडले.

अडचण उत्तरेच्या कोपऱ्यात आहे. तेथे फांद्या, पाने आणि जुन्या वेलींचा कमरेइतका ढीग आहे. पाच नोव्हेंबरच्या रात्री दरवर्षी पेटवतात त्या मोठ्या शेकोटीसाठी सगळे आपापला कचरा मोकळ्या मैदानात नेत होते, म्हणून मीही ढीग गाडीवर भरायला घेतला. सेल्विन म्हणाले, "आधी कान लावा." मला ते विचित्र वाटले, पण मी गुडघे टेकून कान लावला. आत कोणीतरी घोरत होते. त्यांनी वरची पाने अलगद बाजूला केली. खाली पानांचा घट्ट गोळा होता, आणि त्याच्या फटीतून हिवाळाभर झोपणाऱ्या एका लहान प्राण्याचे, हेजहॉगचे, काटे दिसले. आम्ही पाने जशीच्या तशी परत ठेवली. एप्रिलपर्यंत त्या ढिगाला हात लावायचा नाही, हे मला आता समजले आहे.

समितीच्या चिटणीस मिसेस ऑर्मरॉड यांना मात्र तसे वाटत नाही. त्या शुक्रवारी डोकावून गेल्या. लसणाच्या ओळी पाहून त्या प्रसन्न झाल्या. ढीग, खाजरी झुडपे आणि वाळके देठ पाहून त्यांनी टिपणवहीत काही लिहिले. ढिगात उंदीर होतात, आणि तो कोपरा लागवडीखाली धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना "पाहतो" असे सांगितले.

दुसरा विषय. मे महिन्यात मी तुला आईच्या आजाराचे वेळेवर कळवले नाही, असा तुझा आरोप आहे. तो मी स्वीकारू शकत नाही. पत्र मी लिहिले होते. मधे सोमवारी बँक हॉलिडेची सार्वजनिक सुटी आली, त्याला माझा इलाज नव्हता. शिवाय पक्ष्यांच्या मोजणीच्या दिवसांत तुला त्रास देऊ नये, असे आईनेच सांगितले होते. हे एकदा स्पष्ट असावे म्हणून लिहिले.

तुझे वडील,
क्लिफर्ड थॉर्प


९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ब्रायनी,

कालच्या फोननंतर हे पत्र लिहिणे भाग आहे.

काल सकाळी दहाला मी तुकड्यावर पोहोचलो, तेव्हा लसणाच्या वाफ्यात, उघड्यावर, एक लहान हेजहॉग पडलेला होता. ढिगातला नव्हे, तो आत झोपलेलाच आहे. हे उशिरा जन्मलेले पिल्लू असावे. स्पर्श केला तरी ते गोळा झाले नाही. सेल्विन गुडघ्याच्या तपासणीसाठी इस्पितळात गेले होते. मी पिल्लू कोटात गुंडाळून घरी आणले, स्वयंपाकघरातल्या तराजूत ठेवले, आणि तुझा नंबर फिरवला. विचार करायला थांबलो असतो तर फिरवला नसता.

तू "हॅलो" म्हणालीस आणि मी म्हणालो, "तो मरतो आहे. मला काय करायचं ते माहीत नाही."

तू विचारलेस, "कोण? किती ग्रॅम?"

"हेजहॉग. तीनशे नव्वद."

त्यापुढे तू सांगत गेलीस आणि मी लिहून घेत गेलो. दूध द्यायचे नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवायची, आणि तो ऊबदार झाल्यावरच मांजराचे मांसाचे खाणे द्यायचे. साडेचारशेच्या खाली हिवाळा निघत नाही. रोज सकाळी वजन करायचे. तुझा आवाज अगदी तुझ्या आईसारखा येत होता. चिडलेली असताना ती असेच नेमके बोले.

शेवटी तू विचारलेस, "बाबा, आईच्या वेळी असाच फोन का नाही केलात?"

मी सांगितले की किटली उकळते आहे, आणि फोन ठेवला. किटली चुलीवर नव्हती.

उत्तर आता देतो. मागील पत्रात मी खोटे लिहिले. तुला त्रास देऊ नये, असे आई कधीही म्हणाली नव्हती. गुरुवारी डॉक्टरांनी सांगितले की आता थोडे दिवस उरले आहेत. शुक्रवारी सकाळी तिने माझा हात धरून म्हटले, "ब्रायनीला सांग. आजच सांग." मी "सांगतो" म्हणालो. तुझा फोन लागत होता. मी तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला.

आमच्याकडे माणसे मोठ्या गोष्टीला लहान शब्द वापरतात, हे तुला सांगायला नको. माझे वडील गिरणीतल्या धुळीने गेले. शेवटच्या आठवड्यातही ते "जरा खोकला आहे" असेच म्हणत. सेल्विनचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा त्यांनी रुग्णवाहिकेला "जरा घसरलो" असे कळवले होते. या "जरा" शब्दात एक सोय आहे. बोलणारा खोटे बोलत नाही आणि ऐकणाऱ्याला खरे कळत नाही. मी तुला लिहिले, "आईला जरा बरे नाही. सवड होईल तेव्हा येऊन जा." ते वाक्य मी चार वेळा पुन्हा लिहिले, आणि प्रत्येक वेळी ते अधिक सौम्य होत गेले. शनिवारी दुपारी ते पेटीत टाकले, तेव्हा त्या दिवसाचे टपाल निघून गेले होते. पेटीवरची पाटी मी वाचली होती. सोमवारी सुटी आहे हे मला ठाऊक होते. पत्र तुला गुरुवारी मिळाले. ती बुधवारी गेली.

आणखी एक गोष्ट आहे. ती आजवर कोणालाही सांगितलेली नाही. सोमवारी तिने विचारले, "निघाली का?" मी म्हणालो, "बोटीत असेल." मंगळवारी पुन्हा विचारले, तेव्हा म्हणालो, समुद्र खवळलेला आहे, बोट थांबली आहे. ती हसली. म्हणाली, "तिला बोट लागत नाही. लहानपणापासून." तू वाटेत आहेस असे समजून ती गेली.

तू जे गमावलेस ते टपालामुळे नव्हे, माझ्यामुळे गमावलेस. मी क्षमा मागतो आहे. हे वाक्य मी पुन्हा लिहिले नाही. पहिल्यांदा उमटले तसेच ठेवले आहे.

पिल्लू जिवंत आहे. संध्याकाळी त्याने दीड चमचा खाल्ले.

बाबा


१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ब्रायनी,

पाहणी काल झाली. मिसेस ऑर्मरॉड आणि आणखी दोघे, मोजपट्टी घेऊन. लसूण, ब्रॉड बीन्स, केलची पालेभाजी आणि पुठ्ठ्याखालील जमीन धरून दोन-तृतीयांश भरली. तळे, देठांची रांग, खाजरी झुडपे आणि ढीग हा उरलेला एक-तृतीयांश भाग त्यांच्या लेखी पडीक आहे.

मिसेस ऑर्मरॉड वाईट बाई नाहीत. त्यांनी मार्गही सुचवला. "मिस्टर थॉर्प, तो ढीग हलवा, तिथं थोडी लीद पसरा. मी इथेच थांबते. अर्ध्या तासात तुकडा तुमच्या नावावर करून टाकू." दुसरे गृहस्थ म्हणाले की ढीग त्यांच्याच गाडीत टाकता येईल. सेल्विन कुंपणापलीकडे कांद्याच्या वाफ्यात वाकले होते. तेथे उपटण्यासारखे काहीही नव्हते.

मी पन्नास वर्षे प्रत्येक सूचनेचे पालन केले आहे, हे तू जाणतेस. प्रयोगशाळेत एखाद्याने गॉगल न लावता काचेला हात लावला तर मी वर्ग थांबवत असे. त्यामुळे माझेच उत्तर ऐकून मला नवल वाटले. मी म्हणालो, "आत एक जण झोपलेला आहे. मी त्याला उठवणार नाही."

"मग तुकडा जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ नये असं मला फार वाटतं," मी म्हणालो. "माझी मुलगी या जागेवर येईन म्हणाली आहे. दुसरीकडे येणार नाही. पण ढीग हलवून मिळालेली जागा तिच्या आईची राहणार नाही."

त्यानंतर बराच वेळ तिघेही आपापल्या बुटांकडे पाहत होते. आपल्याकडे कोणी असे उघड बोलले की हीच पद्धत आहे. अखेर मिसेस ऑर्मरॉड यांनी टिपणवही उलटसुलट चाळली आणि एक नियम काढला. तुकडा मार्चमधील वार्षिक बैठकीपर्यंत तात्पुरता माझ्याकडे राहील. माझे वय पंच्याहत्तर आहे आणि या वर्षी तो एकदा ओस पडला होता. म्हणून पुढे ठेवायचा असेल तर करारावर दुसरे नाव हवे. घरातील माणूस कोठेही राहणारा असला तरी चालतो, मात्र सही बैठकीत समोर येऊन करावी लागते. सेल्विन कुंपणावरून म्हणाले, "माझं नाव घाला की." त्यांच्या नावावर आधीच एक तुकडा आहे, त्यामुळे ते चालत नाही. "मग नियम बदला," ते म्हणाले. "मी मरेपर्यंत थांबणार आहे, घाई नाही." मिसेस ऑर्मरॉडही हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले.

माझे नाव मी त्यांच्यासमोर लिहिले. दुसऱ्या नावाची रेघ कोरी ठेवली. मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या, कुणाचे तरी नाव आत्ताच पेन्सिलने लिहून ठेवा, म्हणजे बरे दिसेल. मी नकार दिला. ज्याला विचारले नाही त्याचे नाव मी लिहिणार नाही. अर्धवट भरलेला कागद मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या हाती दिला.

काल सायंकाळी तुझा एका शब्दाचा निरोप आला: "वजन?" माझे पत्र तुला गुरुवारी पोहोचले असणार. म्हणजे ते वाचल्यानंतर तू मला पाठवलेला हा पहिला शब्द. मी तो बराच वेळ पाहत राहिलो आणि मग उत्तर पाठवले: चारशे ऐंशी. आता तो बोट लावले तरी गोळा होतो आणि फुसफुसतो, म्हणजे माझ्यावर रागावण्याइतकी शक्ती त्याला आली आहे. सेल्विन म्हणतात, कुटुंबातलाच दिसतो.

बैठक मार्चच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन वाजता, मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात आहे. तू आली नाहीस तर सतरा नंबर यादीतल्या पहिल्या माणसाकडे जाईल. त्याने ढीग एप्रिलपर्यंत ठेवावा, असे लेखी मागून घेण्याचा मी प्रयत्न करीन. केवळ सही करायची म्हणून येऊ नकोस. तुकडा गेला तर मी रडेन, सेल्विन हवामानावर बोलतील, आणि ते निभावेल.

पण मला तू यायला हवी आहेस. शिक्षा करायला आलीस तरी चालेल. घरात पाऊल टाकायचे नसेल तर शेडमध्ये दोन खुर्च्या आहेत, आणि स्टोव्हही आहे. आईने शेवटचे दिवस कसे काढले, काय खाल्ले, काय म्हणाली, कशाला हसली, हे सगळे मी तुला तारीखवार सांगेन. काहीही सौम्य करणार नाही. तू विचारशील ते सांगेन, आणि तू विचारायला विसरशील तेही.

ये.

बाबा